भिंतीतल्या प्लगपासून पडद्यापर्यंत : चकलांब्यात टिकेल असा गेमिंग पीसी

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात गेमिंग पीसी घ्यायचा म्हणजे घरातला मोठा खर्च. सत्तर ते नव्वद हजारांची रक्कम कापसाच्या पट्टीतून किंवा उसाच्या बिलातून बाजूला काढावी लागते, आणि ती दर दोन वर्षांनी निघत नाही. त्यामुळे बारावीतल्या किंवा इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त असतो : मध्यम किमतीत असा कोणता संगणक जुळवावा, जो सहा-सात वर्षं सुखानं चालेल?

या प्रश्नावर सल्ल्यांची कमतरता नाही. पण बहुतेक सल्ला शहरातली खोली डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. तिथे वीज बऱ्यापैकी स्थिर असते, उन्हाळ्यात एसी असतो आणि सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर असतं. म्हणून चर्चा ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि एसएमपीएस, यूपीएस, कॅबिनेट उरलेल्या पैशांत उरकले जातात. आपल्याकडे हा क्रम उलटा धरला पाहिजे. यंत्राचं आयुष्य दोन कारणांनी संपतं : ते जळतं, किंवा नव्या खेळांपुढे ते अपुरं पडतं. पहिल्या कारणाचा बंदोबस्त भिंतीतल्या प्लगपाशी होतो, दुसऱ्याचा ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डाच्या निवडीत. या लेखातला आढावा त्याच वाटेनं, प्लगकडून पडद्याकडे जातो.

वीज : पहिला भाग इथे निवडायचा

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असावा, असं आपण शाळेत शिकतो. पण विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की तो खाली येतो आणि बंद झाल्या की वर चढतो. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की लाइनवर झटका येतो. सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटली की सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. बल्ब डोळे दिपतील इतका पेटतो आणि काही क्षणांत टीव्ही, चार्जर, संगणक सगळं जातं.

यावर तीन पातळ्यांवर उपाय आहेत आणि तिन्ही लागतात. पहिला, अर्थिंग. संगणक चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, असा अनुभव गावात अनेकांना आहे. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडा प्रवाह नेहमीच बाहेरच्या पत्र्याकडे सोडतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आपल्या हातातून. तिसऱ्या पिनेचं भोक नुसतं दिसायला असेल तर महागडा सर्ज प्रोटेक्टरही अर्धाच उपयोगी पडतो. वायरमनकडून खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून केलेली साधी अर्थिंग ही या संगणकाची खरी पहिली खरेदी आहे.

दुसरा उपाय, यूपीएस. इथे एक फसगत ठरलेली असते. १ केव्हीएचा यूपीएस म्हणजे १ किलोवॉट नव्हे. दुकानात मिळणारा साधा १ केव्हीए यूपीएस बहुधा ६०० वॉटच्या आसपासच भार पेलतो, आणि ६०० व्हीएचा साधारण ३६०. मध्यम गेमिंग पीसी खेळ चालू असताना स्क्रीनसकट ३०० ते ३५० वॉट घेतो. म्हणजे ६०० व्हीएचा यूपीएस ऐन खेळात मान टाकेल. दहा मिनिटं चालणारा १ केव्हीएचा यूपीएस पुरे, कारण आपल्याला विजेशिवाय खेळायचं नाही, संगणक नीट बंद करायचा आहे. त्याची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत थकते. ती बदलण्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का, हे पाहावं. स्क्वेअर वेव्हच्या विजेवर नव्या एसएमपीएसचा जीव घुसमटतो.

तिसरा उपाय, स्वतः एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस घेऊ नये, हे ठामपणे सांगायला हवं. तो जळताना एकटा जात नाही, मदरबोर्ड आणि कार्डही बरोबर नेतो. '८० प्लस' हा शिक्का २००४ पासून प्रचलित आहे, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, संरक्षण किती आहे ते सांगत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर जास्त दाब, जास्त प्रवाह, जास्त उष्णता आणि शॉर्ट सर्किट या चारही गोष्टींपासून संरक्षण आहे का, आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का आणि वॉरंटी किमान पाच वर्षांची आहे का, हे विचारावं. ६५० वॉटचा ब्राँझ किंवा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस पुरेसा. आज तो निम्म्या भारावर थंड चालेल आणि चार वर्षांनी मोठं कार्ड आलं तरी तोच राहील. चांगल्या कंपन्या सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देतात. म्हणजे पूर्ण संगणकात सर्वांत जास्त जगणारा भाग हाच आहे, आणि त्यावरच लोक सर्वांत कमी खर्च करतात.

ऊन आणि धूळ

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत तो आणखी वर असतो. संगणकाचा कुठलाही पंखा आतली हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच तापते. एसएमपीएस आणि मदरबोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा नियम असा, की तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य जवळपास दुप्पट होतं. म्हणजे हवा खेळती ठेवणं हा शोभेचा मुद्दा नाही, तो वर्षांचा हिशेब आहे.

कॅबिनेट निवडताना पुढे काच असलेलं टाळावं, जाळीचं घ्यावं. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, आणि पुढच्या जाळीमागे काढून धुता येईल असं फिल्टर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असली की फटींमधून धूळ शिरत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ आणि वेचणीच्या दिवसांत उडणारे कापसाचे तंतू मिळून हीटसिंकवर नमद्यासारखा थर बसतो. महिन्यातून एकदा फिल्टर धुवावं, तीन महिन्यांनी ब्लोअरनं आतून साफ करावं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. मागच्या रिकाम्या पट्ट्या बंद ठेवाव्यात, कारण पाल किंवा मुंग्या आत शिरून शॉर्ट झाल्याच्या घटना गावोगाव घडतात.

प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याच्या कूलरची गरज नाही. त्यात पंप असतो, तो झिजतो, आणि द्रव वर्षांनुवर्षं हळूहळू कमी होतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरला साधा, उंच, एका पंख्याचा एअर कूलर भरपूर होतो. त्यात बिघडण्यासारखा एकच भाग असतो, पंखा, आणि तो थोडक्या पैशांत बदलता येतो.

मदरबोर्ड आणि प्रोसेसर : सॉकेटचं आयुष्य

आता दुसऱ्या कारणाकडे, मागे पडण्याकडे वळू. गेल्या दहा वर्षांतला सर्वांत बोलका धडा एएमडीच्या एएम४ सॉकेटचा आहे. २०१७ च्या मार्चमध्ये पहिले रायझन प्रोसेसर आले तेव्हा ज्यांनी बी३५० चा साधा बोर्ड घेतला, त्यांतल्या अनेकांना बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. त्याच सॉकेटसाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर येत होते. बोर्ड, रॅम, एसएमपीएस तेच ठेवून फक्त चिप बदलली की यंत्र पुन्हा तरुण होतं, हे लाखो लोकांनी अनुभवलं.

इंटेलची रीत वेगळी राहिली. २०२१ च्या नोव्हेंबरात आलेला एलजीए १७०० सॉकेट बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपर्यंत चालला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्याची जागा एलजीए १८५१ नं घेतली. तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या अनेक ताकदवान चिप्स जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. कंपनीनं ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि त्या चिप्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशी चिप जुनी घ्यायची वेळ आली तर बायोस अपडेट झाला होता का आणि वॉरंटी शिल्लक आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कमी बजेटमध्ये बाराव्या पिढीचा आय५ १२४००एफ आजही चांगलं काम देतो, फक्त त्याच्या पुढची वाट छोटी आहे.

सहा-सात वर्षांचा विचार असेल तर माझं मत एएम५ च्या बाजूनं आहे. हा सॉकेट २०२२ च्या सप्टेंबरात आला आणि २०२७ व त्यापुढेही त्याला साथ देण्याचं एएमडीनं जाहीर केलं आहे. रायझन ५ ७६०० हा ६ कोअर, १२ थ्रेडचा, ६५ वॉटचा प्रोसेसर मध्यम बजेटला नेमका बसतो. त्याच्याबरोबर कूलर येतो आणि आत साधं ग्राफिक्सही आहे. हे साधं ग्राफिक्स क्षुल्लक वाटतं, पण कार्ड वॉरंटीत महिनाभर बाहेर गेलं तर अभ्यास आणि कोडिंग थांबत नाही. म्हणून थोडे पैसे वाचवायला ग्राफिक्स नसलेला ७५००एफ घेताना दोनदा विचार करावा.

बोर्ड बी६५० किंवा बी८५० चा, पॉवर सर्किटवर हीटसिंक असलेला आणि दोन एम.२ जागा असलेला घ्यावा. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तम. बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि अशा वेळी त्या बटणानं पेन ड्राइव्हवरून तो परत उठवता येतो. ते बटण असो वा नसो, बायोस अपडेट यूपीएस जोडल्याशिवाय करायचा नाही.

ग्राफिक्स कार्ड : वेगाआधी मेमरी पाहावी

२०१६ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० हे कार्ड ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत आलं. ६ जीबीचं कार्ड लोकांनी वर्षानुवर्षं वापरलं. स्टीमच्या पाहणीत १०६० हे दीर्घकाळ सर्वाधिक वापरलं जाणारं कार्ड होतं. ३ जीबीचं मात्र खेळांचं टेक्श्चर वाढलं तसं लवकर अडखळू लागलं. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल मदरबोर्डावरून साध्या रॅममध्ये ये-जा करतो आणि चित्र धक्के खात चालतं. तिथे कार्डाचा वेग कामी येत नाही.

आज तोच प्रश्न ८ आणि १६ जीबीच्या रूपात उभा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १६ जीबी मेमरी आहे, आणि मोठे खेळ त्या मापानं शिवले जातात. म्हणून ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० आज १०८०पी वर छान चालत असलं, तरी सहा वर्षांच्या प्रवासाला ते तोकडं पडेल. दीर्घकाळासाठी तीन पर्याय पुढे येतात : १६ जीबीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि १२ जीबीचं इंटेल आर्क बी५८०. पहिल्या दोन कार्डांची ८ जीबीची रूपंही त्याच नावानं बाजारात आहेत, म्हणून बिलावर आकडा लिहून घ्यावा. पैशाला मोबदला बहुधा ९०६० एक्सटीत जास्त मिळतो. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंग गंभीरपणे करायचं असेल तर ५०६० टीआय सरस. बी५८० स्वस्त आहे, पण जुन्या प्रोसेसरवर ते पूर्ण ताकदीनं चालत नाही.

मेमरीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे कार्डाला कोणती कामं येतात. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय ११ जीबीचं आणि तगडं कार्ड. तरीही डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ चा 'डूम : द डार्क एजेस' हे खेळ त्याच्यासाठी बनलेलेच नाहीत, कारण दोन्हींना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतं. उलट २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेला डीएलएसएस या चित्र सुधारणाऱ्या तंत्राच्या २०२५ मधल्या आवृत्तीचाही फायदा मिळाला, आणि ती जुनी कार्डं नव्या खेळांत तगून राहिली. जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तेव्हा हे लक्षात ठेवावं. खाणकामात, म्हणजे क्रिप्टो मायनिंगमध्ये वापरलेली कार्डंही बाजारात फिरतात. वॉरंटी शिल्लक नसलेलं कार्ड चकलांब्यात आणणं म्हणजे दुरुस्तीसाठी शहराच्या खेपा मारायची तयारी ठेवणं.

रॅम आणि एसएसडी

रॅमचा विषय सध्या नाजूक आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढवली, की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एरवी ३२ जीबी डीडीआर५ बिनदिक्कत सुचवली असती. आज हात आखडता असेल तर १६ जीबीवर सुरुवात करावी. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या तर आज वेग पूर्ण मिळतो, पण पुढे वाढवताना चार पट्ट्या होतात आणि डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या एकत्र कमी वेगानं चालतात. १६ जीबीची एकच पट्टी घेतली तर आज थोडा वेग जातो, पण पुढे तशीच दुसरी बसवता येते. टिकाऊपणाच्या दृष्टीनं दुसरी वाट बरी.

एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई आणि टीएलसी प्रकारची घ्यावी. या वर्गात ६०० टीबी लिखाण आणि पाच वर्षं अशी हमी सर्रास मिळते. खेळणाऱ्याच्या हातून इतकं लिखाण होत नाही. इथे जागा महत्त्वाची, कारण आजचे मोठे खेळ १०० जीबी ओलांडतात आणि मोबाइलच्या नेटवर असा खेळ पुन्हा उतरवणं म्हणजे कित्येक दिवसांचा डेटा. एकदा उतरवलेला खेळ काढून टाकावा लागू नये इतकी जागा हवीच.

पडदा ठरवतो भार

१०८०पी च्या चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात, १४४०पी मध्ये सुमारे ३६ लाख ८६ हजार आणि ४के मध्ये जवळपास ८३ लाख. प्रत्येक ठिपका कार्डाला दर सेकंदाला अनेकदा रंगवावा लागतो. म्हणून ४के च्या मोहात पडलं की कार्ड दोन वर्षांत म्हातारं वाटू लागतं. १०८०पी, आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्त असा पडदा घेतला तर हेच यंत्र सहा वर्षं पुरतं. १४४०पी हवा असेल तर १६ जीबीच्या कार्डाबरोबर तोही चालेल. चांगला मॉनिटर दोन संगणकांना पुरून उरतो, म्हणून तिथे केलेला खर्च वाया जात नाही.

लॅपटॉप, जुने संगणक आणि खरेदी

गेमिंग लॅपटॉपची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. त्याची बॅटरी हाच यूपीएस असतो, आणि मुलगा पुण्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या होस्टेलवर गेला की यंत्र बरोबर नेता येतं. पण त्यातला प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बोर्डावर कायमची डकवलेली असते, आणि चाळीस अंशांच्या खोलीत त्या बारीक पंख्यांचा टिकाव लागणं कठीण. सतत फिरतीवर असणाऱ्यानं लॅपटॉप घ्यावा. घरी बसून वापरणाऱ्यानं, दोन भावंडांत मिळून वापरायचं असेल त्यानं, डेस्कटॉपच.

कंपन्यांमधून निघालेले जुने संगणक घेऊन त्यात कार्ड बसवण्याची वाटही लोक सुचवतात. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी व टीपीएम २.० लागतं. 'व्हॅलोरंट'सारखे खेळही विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतात. सहाव्या-सातव्या पिढीचं स्वस्त यंत्र म्हणूनच महागात पडतं.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्यात करा किंवा बीडमध्ये, पक्कं बिल आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर हवाच. जीएसटीचे १८ टक्के वाचवायला कच्चं बिल घेणाऱ्याची वॉरंटी अडचणीच्या वेळी कागदाअभावी अडते. प्रोसेसर आणि कार्डाला साधारण तीन वर्षं, एसएसडीला पाच वर्षं वॉरंटी असते. खोकी जपून ठेवावीत. जुळवलेला संगणक एसटीनं आणायचा असेल तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं ठेवावं. रस्त्याच्या धक्क्यांनी जड कार्ड मदरबोर्डाचा स्लॉट तोडतं.

खर्चाचा क्रम

रोज चार तास ३०० वॉटनं यंत्र चाललं तर महिन्याला ३६ युनिट वीज लागते. हा खर्च घरानं आधी मान्य केलेला असावा. त्यानंतर रकमेची वाटणी अशी असावी : अर्थिंग, यूपीएस आणि एसएमपीएस यांचे पैसे सर्वांत आधी बाजूला. मग एएम५ चा बोर्ड आणि सहा कोअरचा प्रोसेसर. मग उरलेल्यातला मोठा वाटा, एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त, १६ जीबीच्या कार्डाला. रॅम आणि एसएसडी आज गरजेपुरती. तिसऱ्या वर्षी दुसरी रॅम, चौथ्या-पाचव्या वर्षी कार्ड किंवा त्याच सॉकेटवरची नवी चिप. अशा रीतीनं मोठा खर्च एकदाच होतो आणि पुढचे खर्च घराला झेपतील अशा तुकड्यांत येतात.

हे सगळं खेळासाठीच का, असं घरातली वडीलधारी माणसं विचारतात आणि त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ अनरिअल इंजिनवर घडवला. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं 'इंडस' आणला. ज्या यंत्रावर खेळ नीट चालतो त्याच यंत्रावर अनरिअल, ब्लेंडर आणि व्हिडिओ एडिटिंग चालतं. हाती असं यंत्र असलेल्या चकलांब्याच्या मुलीला किंवा मुलाला ही कामं शिकायला शहरात जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून दुकानदारासमोर यादी ठेवल्यावर रक्कम वाढली आणि काहीतरी कापायची वेळ आली, तर कार्ड एक पायरी खालचं घ्यावं, रंगीत दिवे सोडावेत, पाण्याचा कूलर सोडावा. एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंगला मात्र हात लावू नये. कमी ताकदीचं कार्ड दोन वर्षांनी विकून बदलता येतं, आणि तोवर बाकीचं यंत्र शाबूत असतं.